पैशावरून नवरा-बायकोत वाजतं ते नेमकं कशावरून?

हिशेबनीस (धागाकर्ती)

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या एका गल्लीत बसून मी लोकांची आयकर रिटर्नं भरते. जुलै महिन्यात आमच्याकडे जोडपी जोडीने येतात. घर दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर आणि पासवर्ड मात्र एकालाच पाठ. या कामात आकडे कमी आणि संसार जास्त बघायला मिळतात. त्यातून एक मत बनलंय ते मांडते, पटलं नाही तर झोडा.

पैसा कमी पडतो म्हणून भांडणं होतात असं आपण धरून चालतो. होतातही. पण ज्यांच्याकडे खरोखर कमी असतो ती जोडपी माझ्यासमोर फारशी भांडत नाहीत. दूधवाल्याचे किती, हप्ता किती, दिवाळीपर्यंत कसं ओढायचं, हे दोघांनाही तोंडपाठ असतं. वाजतं ते महिनाअखेरीला थोडंफार उरतं त्यांच्यात. उरलेल्याचं काय करायचं ते एकाने परस्पर ठरवलेलं असतं आणि दुसऱ्याला ते माझ्या टेबलावर कळतं.

एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तो अंबडला नोकरीला, ती शिक्षिका. मी सवयीने विचारलं, "शेअर्स वगैरे?" तो म्हणाला, "थोडंफार." थोडंफार म्हटलं की मी ब्रोकरचं वर्षाचं पत्रक मागतेच. त्याने मोबाइलवरून पाठवलं, मी उघडलं, आणि माझा मॉनिटर चांगला मोठा आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअर्सच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांचा तोटा, लाल अक्षरात, चार लाख अठरा हजार. ती त्या आकड्याकडे बघत म्हणाली, "मग मुलीच्या क्लासची फी आपण हप्त्यांनी का भरली? सवलत द्या म्हणून मी त्या बाईंच्या दारात उभी राहिले होते."

तो काही बोलायच्या आत मी तिचं एआयएस उघडलं, म्हणजे आयकर खात्याकडे असलेलं आपल्या उत्पन्नाचं वर्षाचं माहितीपत्रक. त्यात एका बँकेतल्या ठेवीचं व्याज. आता तो पुढे वाकला. "ही एफडी कुठली?" ती म्हणाली, "माझी." मी चहा सांगितला.

चार लाख गेले याबद्दल नंतर दोघंही फारसं बोलले नाहीत. तसं ते नवलही नव्हतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाख. तिला लागलं ते वेगळंच. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्याने तिला मेन रोडच्या तीन दुकानांत भाव काढायला लावले होते, आणि इथे चार लाखांचं घरात कुणाला वासही लागू दिला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: घरात खर्चाआधी कुणाला विचारावं लागतं आणि कोण नंतर सांगून मोकळं होतं (किंवा सांगतही नाही), तिथे बहुतेक भांडणांचं मूळ असतं. तुमच्या घरी काय अनुभव?

---

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सौ. शेजारीच असल्यामुळे सध्या वाचनमात्र.

---

सातपूरकर

ताई, लेख झकास, पण एकांगी वाटला.

मी सातपूरला कारखान्यात परमनंट. पगार बँकेत जमा होतो, पतपेढीची वर्गणी नि कर्जाचा हप्ता स्लिपवरच कापला जातो. हातात येतो तो आकडा मंडळींना पैशापैशाने ठाऊक आहे. त्यावरून आमचं कधी वाजत नाही. वाजतं ते ओव्हरटाइम आणि कराराच्या फरकावरून. तीन-चार वर्षांनी युनियनचा करार होतो, मागचा फरक एकरकमी येतो. करार झाल्याची बातमी गेटबाहेर पडायच्या आत घरी यादी तयार! हिला सोफा, पोराला गाडी, आईला चारधाम. थर्ड शिफ्टला डोळे मी जाळायचे आणि त्यातला रुपया माझा नाही?

विचारलं नाही म्हणजे फसवलं, असं होत नाही. माणसाला पाचशे रुपयांचा हिशेब द्यावा लागू नये. मित्रांबरोबर मिसळ खाल्ली, कुणाच्या पोराच्या हातावर शंभर ठेवले, तेही घरी येऊन लिहून काढायचं का?

---

हिशेबनीस

@सातपूरकर, पाचशेचा मुद्दा मान्य. चार लाखांचा तुम्ही शिताफीने टाळलात. :)

फरकाचं म्हणाल तर २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल रिचर्ड थेलर यांना मिळालं. त्यांच्या कामातला एक भाग नेमका हाच आहे. माणूस डोक्यात पैशाचे कप्पे करतो. पगार एका कप्प्यात, बोनस दुसऱ्यात, अचानक मिळालेला तिसऱ्यात. रुपया तोच, पण कप्पा बदलला की खर्चाची रीत बदलते. आता एका घरात डोकी दोन आणि कप्पे निराळे. फरक तुमच्या लेखी जागरणाचं बक्षीस आहे, वहिनींच्या लेखी तो करार होईपर्यंत थांबवून ठेवलेला सोफा आहे. हे दोघांनी एकमेकांना सांगितलेलं नसतं, म्हणून यादी निघाली की तुम्हाला तो दरोडा वाटतो.

---

उंबरठ्याआतली

> माणसाला पाचशे रुपयांचा हिशेब द्यावा लागू नये.

या "माणसाला"त मी येते का, दादा?

मी नोकरी करत नाही. इंदिरानगरला राहते, घर सांभाळते, सासऱ्यांचं डायलिसिस, मुलांच्या शाळा, सगळं माझ्याकडे. माझे "हे" माणूस वाईट नाहीत, मागितले की देतात. पण मागितल्यावर दोन प्रश्न येतात. पहिला, "किती पाहिजेत?" त्याचं काही नाही. दुसरा, "परवाच दिले होते ना?" हा दुसरा प्रश्न ज्यांनी कधी ऐकला नाही त्यांना या धाग्यातलं निम्मं कळणार नाही. परवाचे कुठे गेले ते सांगताना मी रद्दीचे आलेले पैसेसुद्धा वजा करून दाखवते.

म्हणून आम्ही बाया बाजूला टाकतो. भाजीतून, किराण्यातून, भाऊबीजेच्या ओवाळणीतून. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी झाली तेव्हा माझ्या तूरडाळीच्या डब्यातून सत्तावीस हजार निघाले, सगळे पाचशे-हजाराचे. सांगायचं कसं, या विचारात मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी ट्रंकेतल्या नऊवारीच्या घडीतून त्यांची जुडी काढून पुढ्यात ठेवली, माझ्यापेक्षा जाड! आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसत सुटलो. सासरे म्हणाले, "घरात दोन बँका होत्या, मला एकीनेही कर्ज दिलं नाही." त्यांनी हसण्यावारी नेलं. ह्यांनी नाही. पुढे वर्षभर पाहुण्यांसमोर "आमच्या हिचा काळा पैसा" हा विनोद ऐकला. आधीच्याच वर्षी ह्यांचा पगार दोन महिने अडकला होता तेव्हा शाळेची फी आणि गॅस कुठून गेले, ते मात्र त्यांना तेव्हा विचारावंसं वाटलं नव्हतं.

बाजूला टाकणं म्हणजे लपवणं, हे धागाकर्तीने जोडप्याच्या गोष्टीत एका तराजूत टाकलंय. मला ते पटलं नाही. त्याने लपवून घालवले, तिने लपवून ठेवले.

---

सातपूरकर

वहिनी, येता. चुकून सुद्धा तसं म्हणायचं नव्हतं. पण आमच्या घरी पैसे मागायची वेळ माझ्यावर येते, एटीएम कार्ड तिच्याकडे असतं. सगळीकडे एकच चित्र नाही.

---

बाग_निफाड

तुमचं सगळं महिन्याच्या हिशेबाने चाललंय. आमच्याकडे महिना नावाचं प्रकरणच नाही.

द्राक्षाचा पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल. ऑक्टोबर छाटणीपासून नुसता जातो. मजुरी, खतं, भुरी-डावणीची औषधं. पाऊस लांबला तर फवारण्या दुप्पट. औषधवाल्याच्या दुकानात आमची वही चालते, माल निघाला की फिटते. माझ्या डोक्यात वर्ष असतं. कारभारणीच्या डोक्यात महिना असतो, कारण किराणा, शाळेची बस, लाइटबिल महिन्यालाच येतं. मी म्हणतो, "मार्चमध्ये बघू." ती म्हणते, "बसवाल्याला सांगा मार्चमध्ये बघू."

दोन गाई तिच्या. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं ते तिच्या खात्यात, घर त्यावर चालतं. पण शनिवारी मजुरांचं भागवायचं असलं की माझी नजर त्या बिलावर. आमची भांडणं इथेच. तिचं म्हणणं, बाग तुमची तर मजूर माझ्या गाईंवर का? मला याचं उत्तर देता येत नाही, कारण बाग पिकली की ती "आपली" असते असं मी म्हणतो आणि सातबारा माझ्या एकट्याचा.

एका वर्षी व्यापाऱ्याने माल तोडून नेला, थोडा इसार रोख, बाकीचा चेक. चेक परत आला आणि फोन बंद. आमच्या भागात हे ज्याला झालं नाही असा बागाईतदार शोधावा लागेल. पुढच्या छाटणीला पैसा नव्हता. तिने स्वतः होऊन पोत आणि पाटल्या काढून दिल्या, तारण ठेवल्या, पुढच्या हंगामात सोडवून आणल्या. व्यवहार पुरा झाला असं मी धरून चाललो. पण आजही कशावरूनही बोलाचाली झाली की पाचव्या वाक्याला पाटल्या येतात. परत दिल्या ना बाई!

एक मात्र सांगतो. पुरुष लपवतो तो दर वेळी चैनीसाठी लपवत नाही. डोक्यावर किती झालंय ते सांगितलं तर दोघांचीही झोप जाईल, म्हणून एकट्यानेच घोर वाहायचा असतो.

---

वकीलीणबाई

> परत दिल्या ना बाई!

भाऊ, पाटल्या परत दिल्यात हे उत्तमच. पण "स्वतः होऊन दिल्या" म्हणजे काय परिस्थिती होती तेही बघा. छाटणी तोंडावर, तुम्ही ओसरीवर डोकं धरून बसलेले. ती नाही म्हणाली असती तर? परत दिल्यावर "तुझ्यामुळे त्या वर्षी बाग उभी राहिली" असं कुणासमोर बोललात का? नसेल, तर पाचवं वाक्य कुठून येतं ते कळेल.

आता थोडं कायद्याचं, कारण घरोघरी याबाबत दाट गैरसमज आहेत.

स्त्रीधन, म्हणजे लग्नात नि लग्नाआधी-नंतर तिला मिळालेले दागिने, भेटी, पैसे, हे पूर्णपणे तिचंच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं: स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता होत नाही. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते.

दुसरं. आपल्याकडे, गोवा सोडलं तर, लग्न झालं म्हणून एकाची मिळकत आपोआप दोघांची होत नाही. कागदावर नाव ज्याचं, मालकी त्याची. माझ्याकडे येणाऱ्या कमावत्या बायकांचं ठरलेलं चित्र असं: घराचा हप्ता त्याच्या पगारातून, आणि किराणा, शाळा, गॅस, कामवाल्या बाई, सासू-सासऱ्यांची औषधं तिच्या पगारातून. दोघांनीही सारखाच खर्च केला. वीस वर्षांनी त्याच्याकडे फ्लॅट असतो आणि तिच्याकडे पावत्या. त्याही कुणी ठेवत नाही.

तिसरं, नॉमिनी. "बँकेत बायकोला नॉमिनी केलंय, आता काळजी नाही" हे वाक्य रोज ऐकते. नॉमिनीला बँक पैसे देते, पण ते तिने वारसांच्या वतीने घ्यायचे असतात, मालकी वारसाहक्काने ठरते. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. आणि ज्यांच्या डोक्यावर धंद्याची किंवा शेतीची कर्जं आहेत त्यांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घ्यावी. ती रक्कम बायको-मुलांसाठी राखीव राहते, कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसा फॉर्म भरायचा, मागाहून होत नाही.

अवांतर: चेक परत आला की बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. निफाड-दिंडोरीचे निम्मे लोक "आज देतो, उद्या देतो" ऐकत ते तीस दिवस घालवून मग माझ्याकडे येतात.

---

तिरकस

सौ.नी वरचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला. आता फ्लॅटचा करारनामा शोधतेय. वकीलीणबाई, तुमची फी किती ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मला नको, तिला.

---

गंगापूररोडवाली

आम्ही दोघंही आयटीत, तो घरून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. लग्न ठरतानाच ठरवलं होतं, तुझं तुझं, माझं माझं आणि खर्च निम्मा-निम्मा. फार आधुनिक वाटायचं. मग फ्लॅट घेतला. चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ३४ हजार ७०० च्या आसपास, एकूण फेड ८३ लाखांच्या वर. त्याचा पगार माझ्या दुप्पट. निम्म्या हप्त्याने माझ्याकडे महिन्याला काही उरेना, आणि तो दर तीन महिन्यांनी नवीन सायकल, नवीन कॅमेरा. कागदावर समान वाटणी, आणि घरात एक श्रीमंत नि एक गरीब. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी काही महिने बिनपगारी राहिले तेव्हा तर माझ्या वाट्याचा हप्ता त्याने "उसना" भरला. हो, उसना. आमच्या चॅटमध्ये तो शब्द आहे.

आता पगाराच्या प्रमाणात एका सामाईक खात्यात टाकतो. दोन हिस्से त्याचे, एक माझा. घरखर्च, हप्ता, बाळाचं सगळं त्यातून. बाकीचं ज्याचं त्याचं आणि त्याबद्दल एकमेकांना प्रश्न नाही. सायकलवर मी आता एक शब्द बोलत नाही. (मनात बोलते.)

राहिलं ते एक. मी आईला दरमहा पैसे पाठवते, बाबा गेल्यापासून. तो त्याच्या आईवडिलांना पाठवतो ते सामाईक खात्यातून, "घरखर्च" म्हणून. मी पाठवते ते "माझ्या" हिश्श्यातून. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही, आपोआप झालं. विषय काढला की तो म्हणतो, तुझ्या भावाने बघायला नको का.

---

सातपूरकर

भावाचं बरोबरच आहे ना पण त्याचं? वाड्यात, जमिनीत वाटा भाऊ घेणार, मग आईला त्यानेच बघावं.

---

वकीलीणबाई

वाटा भाऊ एकटा का घेणार? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्वच्छ सांगितलंय. होतं असं, की राखीपौर्णिमेला साडी घेऊन बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, मग जावई म्हणतात माहेरचं माहेर बघेल. आईला बघायला मुलगी हक्काची आणि वाटा मागितला की मात्र लोभी.

---

जेलरोडचे_आजोबा

मी नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त. उभा जन्म नोटांच्या थप्प्यांत गेला आणि खिशात रिक्षापुरते असायचे. पगाराचं पाकीट रोख मिळायचं ते न फोडता आईच्या हातात. आई त्यातून मला बस-विडीचे नि सौ.ला भाजीचे देई. आई गेल्यावर पाकीट सौ.च्या हातात गेलं. आमचं पैशावरून भांडण झालंच नाही, कारण भांडायला अधिकारच नव्हता, ना मला ना तिला. आईशी कोण भांडणार? सौ. एकदा म्हणाली होती, तुमच्या घरात मला पहिलं पातळ स्वतःच्या पसंतीचं घेता आलं ते पंधरा वर्षांनी. तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी जरा सबुरीने.

पण एक फरक जाणवतो. पाकीट जाड की बारीक ते घरात सगळ्यांना दिसायचं. आता मुलाचा पगार मोबाइलमध्ये येतो, मोबाइलमधूनच जातो, मेसेज त्याच्याच फोनवर. सूनबाईला कळणार कसं? आणि पुन्हा त्या फोनला अंगठा लावल्याशिवाय तो उघडत नाही.

---

हिशेबनीस

आजोबा, दंडवत. मी चार परिच्छेद खर्ची घातले त्याचं सार तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. काही बँका जोडखात्याला दोन्ही नंबरांवर मेसेज देतात, फक्त शाखेत अर्ज द्यावा लागतो. देत कुणीच नाही.

---

वाचनवेडा

वरच्या चर्चेला एक पुरवणी. अमेरिकेत १०० जोडप्यांना घरातल्या भांडणांची डायरी ठेवायला लावून एक अभ्यास झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसा हा सर्वांत जास्त वेळा निघणारा विषय नव्हता. मुलं आणि घरकाम त्याच्या पुढे होते. पण पैशावरची भांडणं जास्त तीव्र, पुन्हा पुन्हा निघणारी आणि न मिटता राहणारी निघाली. निफाडच्या भाऊंच्या पाटल्या आठवल्या.

तो देश वेगळा, तिथे सासू-सासरे-दीर-नणंद हिशेबात नाहीत. आपल्याकडे दोघांच्या भांडणात खुर्च्या निदान सहा असतात. अधिक महिना आला की जावयाला चांदीचं ताट द्यायचं की नाही यावर सासू-सासऱ्यांत जुंपते, तेही पैशाचंच भांडण.

---

उंबरठ्याआतली

अधिकाच्या वाणाचं नाव काढू नका. आमच्याकडे नणंदेला काय दिलं आणि मला माहेरहून काय आलं याची तुलना अजून चालू आहे.

एक सांगायचं राहिलं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. त्यांना रकमेपेक्षा कौतुक वाटतं ते खातं त्यांच्या एकटीच्या नावाचं असल्याचं. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात विचारलं, आले का? त्या म्हणाल्या, "नेट नाही, कळत नाही." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) स्वतः वापरत असलेलं बँक खातं असणाऱ्या बायका जवळजवळ ७९ टक्के निघाल्या, आधीच्या पाहणीत ५३ होत्या. खाती आली. "नेट नाही" म्हणावं लागणं काही गेलं नाही.

---

चांदवडकर

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. नव्या पिढीला माहीत नसेल, पण नोव्हेंबर १९८६ मध्ये आमच्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं होतं. लांबलांबून बायका आल्या होत्या, भाकरी बांधून. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी पुढे त्यातूनच लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला: शेतकऱ्याने आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर जण करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. कांद्याला भाव मागणाऱ्या माणसाने शेतकऱ्यालाच विचारलं, तू तुझ्या घरात कष्टाला काय भाव देतोस?

पुढे १९९२ मध्ये सरकारनेही त्यावर शासन निर्णय काढला. नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. आमच्या भावकीत तेव्हा दोघांनी केलं. बाकीचे म्हणाले, जमीन बायकोची झाली तर ती घराबाहेर काढेल. दोघांपैकी कुणालाही काढलं नाही, उलट डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदीने भाव कोसळले तेव्हा एकाची विहीर तिच्याच सहीच्या कर्जावर पुरी झाली.

---

बाग_निफाड

दादा, ती योजना अजून चालू आहे का? आणि सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असला तर?

---

वकीलीणबाई

शासन निर्णय रद्द झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तलाठ्याकडे विचारा, "असं काही नसतं" म्हणाले तर मंडळ अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. बोजा असेल तर तो तसाच राहतो, आधी सोसायटीत सांगून ठेवा. दुसरा रस्ता बक्षीसपत्राचा. शेतजमीन किंवा राहतं घर नवरा-बायकोत किंवा मुलांना बक्षीस दिलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये, नोंदणीचा खर्च वेगळा. पण बक्षीसपत्र परत फिरवता येत नाही, हे ध्यानात ठेवून करा. आणि कुणाच्या दडपणाखाली तर मुळीच नको, बायकोच्याही.

---

सातपूरकर

मी फ्लॅट हिच्या नावावर घेतला तेव्हा मुद्रांकात एक टक्का सूट मिळाली होती. नातेवाइकांना तेच कारण सांगितलं. खरं कारण सांगितलं असतं तर भावाने हसून हैराण केलं असतं.

---

नवीन_सदस्य

सगळे प्रतिसाद वाचले. पुढच्या महिन्यात लग्न आहे, म्हणून एक शंका. मी होणाऱ्या बायकोच्या नावाने दरवर्षी एफडी केली तर व्याजावर टॅक्स तिला लागेल ना? तिचं उत्पन्न कमी आहे, म्हणजे वाचेल.

---

हिशेबनीस

अभिनंदन! नाही वाचणार. लग्नानंतर नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, त्याला क्लबिंग म्हणतात. तिच्या स्वतःच्या पगारातली ठेव असेल तर ती तिचीच, व्याज तिच्याच रिटर्नमध्ये.

बाकी, लग्नाआधी एकदा बसून कर्जं सांगून टाका. शिक्षणाचं, गाडीचं, क्रेडिट कार्डाचं, मित्राला जामीन राहिला असाल तर तेही. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते, वर्षाला चाळीसच्या वर. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन तिने उचलला तर कठीण आहे.

---

नवीन_सदस्य

क्रेडिट कार्डाचं सांगितलंय. जामीन राहिलोय ते नाही सांगितलं.

---

तिरकस

सौ. विचारतेय, मी कुणाला जामीन आहे का. धागा वर आणल्याबद्दल धन्यवाद.